करपण्याआधीचा आवाज

“वास घेऊं नको गे. वास आला तर येऊं दे.” सासूबाईंचा हा आवाज विजयलक्ष्मीच्या कानांत पहिल्यांदा पडला तेव्हा ती नवी नवरी होती, सोवळ्याचं लुगडं अजून अंगाला ओळखत नव्हतं, आणि ती साराच्या भांड्यावर वाकून, नाक पुढं करून उभी होती. आवाज कसला, देवळातली घंटाच. एक पट्टी वरची. बोलायचं ते चार घरांना ऐकू जाईल असं बोलायचं, ही प्रमोदिनीबाईंची रीत; तंजावूरहून चेन्नैला आल्या, पश्चिम मांबळमच्या तीन खोल्यांत राहिल्या, तरी आवाज मात्र अंगणातलाच राहिला. “श्राद्धाचं अन्न पितरांचं. त्यांनीं जेवायच्या आधीं आपण चाखायचं नाहीं, हुंगायचंही नाहीं. जिभेला कुलूप, नाकाला पडदा. मग मीठ कळायचं कसं म्हणतीस? अन्न आपण होऊन सांगतंय. तूं फक्त तेथें उभी राहा.” आणि मग उडीद वाटता वाटता, जणू काही झालंच नाही अशी, त्यांनी ओवी धरली होती:

चुलीच्या पोटामधीं जाळ बोलतो गं हळूं
वेळेवरी जो उभा, त्याला लागतें तें कळूं

आता त्या सासूबाईंच्याच श्राद्धाचा स्वयंपाक विजयलक्ष्मी करते. दर पौषात, त्यांच्या तिथीला, एकटी. आणि आज, तिथीच्या आदल्या दिवशी, माळ्यावरून काढलेली खिरीची उरळी मांडीवर पालथी घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, आणि तो आवाज कानांत असा घुमत होता की गल्लीतली पाण्याची लॉरी आली कधी, गेली कधी, तिला कळलं नाही.

उरळी काशाची, जाड बुडाची, सासूबाईंच्या माहेरची. आतून तिचा रंग जुन्या मधासारखा. पण बुडाशी, अगदी मधोमध, तळहाताएवढा एक डाग होता, काळा नव्हे, उलटा; पांढरा, लख्ख, घासून घासून कातडं निघावं तसा. विजयलक्ष्मीनं बोट फिरवलं. खरखरलं. असा डाग भांड्याला आपोआप पडत नाही. आधी काही तरी घट्ट बसलं पाहिजे, मग कुणी तरी जिवाच्या आकांतानं ते खरवडलं पाहिजे.

“कीर्तना, ही उरळी कोणीं घासली होती?”

मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होती. तिनं वर पाहिलं, आईचं बोट कुठं आहे ते पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळली. “मीच. लास्ट इयर.”

“तूं? तूं आपला कॉफीचा पेला धूत नाहींस.”

“चुम्मा, अम्मा. उगीच. दमली होतीस ना तूं, म्हणून.” मग जरा थांबून, अगदी सहज बोलल्यासारखं, “या वर्षीं खीर मी ढवळूं? म्हणजे सोवळें नेसून. तूं सांग, मी ढवळते.”

काल रात्री जेवताना नणंदेचा फोन आला होता तोही असाच सहज. श्रीलक्ष्मी जॉर्ज टाउनला राहते, नवऱ्याचा सुताचा घाऊक व्यापार. “वैनी, मी काय म्हणत होतें, या वर्षीं एक सैपाकीण मामी सांगूं या. आमच्या ओळखीच्या आहेत, मडी-बिडी, सोवळें-ओवळें सगळें चोख. तुम्हीं किती वर्षें एकट्यानीं खपायचं?” तेव्हा विजयलक्ष्मी हसली होती. माया आहे पोरीची, म्हणाली होती. आता उरळीतल्या त्या लख्ख डागावर बोट ठेवून बसल्यावर मायेच्या पोटात काय होतं ते दिसू लागलं. खीर. सगळे खिरीभोवतीच फिरताहेत. सार नाही, वडे नाहीत, कच्च्या केळ्याची भाजी नाही. खीर करपली होती गेल्या वर्षी. सगळ्या घरभर वास सुटला असेल. करपल्या दुधाचा वास कसा असतो, भिंतींना चिकटतो, पडद्यांत शिरतो, शेजारच्या दारातून विचारायला येतो. आणि त्या वासाच्या ऐन मध्ये ती पळी हातात घेऊन उभी होती, समाधानानं, एखाद्या देवीसारखी.

कारण तिला वास येत नाही. बसमध्ये डोकं आपटलं तेव्हापासून येत नाही, आणि हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही.

आपटणं तरी काय मोठं. नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून घरी परतताना, उभ्यानं प्रवास, एक हात वरच्या दांडीला, एका हातात डब्याची पिशवी. पुढं स्कूटर आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, बस पुढं जायची ती मागं आल्यासारखी झाली, आणि विजयलक्ष्मीचं डोकं मागच्या खांबावर आपटलं. ठण्ण. बस. पडली नाही, रक्त नाही. कंडक्टरनं “पात्तु मा, पात्तु” म्हणून जपायला सांगितलं, कुणी तरी जागा दिली, ती आपल्या थांब्यावर उतरून चालत घरी आली आणि भाजी फोडणीला टाकून, तिथंच, ओट्याला धरून, उलटी केली. स्कॅन काढलं. डॉक्टर तरुण, तोंडात च्युइंगम. “सगळं नॉर्मल आहे मा. माइल्ड.” माइल्ड. तो शब्द तिनं पुढं कित्येक महिने चघळला. रविवारच्या उन्हासारखा, बिनतिखटाच्या सारासारखा, कसा गोड शब्द. आणि त्या गोड शब्दाच्या पोटात काय काय दडलं होतं! खिडकीचा उजेड डोळ्यांत खिळ्यांसारखा घुसायचा. पेपरातली अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागायची. कुकरची शिट्टी झाली की कवटीच्या आत कुणी तरी ताट पाडल्यासारखं व्हायचं; पंख्याचा आवाज, गल्लीतल्या लाउडस्पीकरवरचं अम्मनचं गाणं, नवऱ्याचं चहा भुरकणं, सगळं एकाच मोठेपणाचं. शब्द हरवायचे. ऑफिसात स्टेपलर मागायचा होता तर ती हात दाखवून म्हणाली, “ते... ते दांत असलेलें द्या.” शेजारच्या टेबलावरच्या सुंदरनं तो दिला आणि वर तिच्या काळ्या चष्म्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, पुढाऱ्यांसारखा काळा चष्मा, बोलणं कमी. इलेक्शनला उभ्या राहताय काय?” ती हसली. त्या हसण्याचीही तेव्हा किंमत पडायची, दुपारभर डोकं ठणकायचं. पण हसली. हसणं सोडलं असतं तर लोकांनी कीव केली असती, आणि कीव म्हणजे विजयलक्ष्मीला दुसऱ्याच्या उष्ट्या पानावर बसल्यासारखं वाटे.

नवरा भीमसेन. नाव भीमसेन, अंगानं उदबत्तीची काडी. बँकेतून निवृत्त झालेला, स्वभावानं मवाळ. तो सांगत फिरायचा, “कांहीं नाहीं झालें. तंजावूरचं डोकं आहे, खांबच वांकला म्हणे.” चांगल्या मनानं सांगायचा. पण तिला वाटे, अहो, स्कॅनमध्ये दिसत नाही म्हणून नाहीच का? पायाला प्लास्टर असतं तर वाट करून दिली असती लोकांनी. डोक्यातल्या दुखण्याला प्लास्टर नाही, त्याला सगळे धक्का मारून जातात. ती व्यायाम करी, डॉक्टरीण बाईंनी सांगितले तसे; भिंतीवरच्या टिकलीकडे बघत मान वळवायची, दोन पानं वाचायची, थांबायचं, डोळे मिटून बसायचं, पुन्हा दोन पानं. “मेंदूला ढकलूं नका,” त्या बाई म्हणत, “बोलावून घ्या. येतो हळूहळू.” आणि खरंच आला. गाय संध्याकाळी गोठ्याकडे येते तसा, वाटेत थांबत, मान हलवत, पण आला. आधी उजेड सोसू लागला. मग अक्षरं जागेवर बसली. मग शब्द. एक दिवस ऑफिसात तिनं अख्ख्या विभागाचं वर्षअखेरचं काम तपासून दिलं, साहेबांच्या नजरेतून सुटलेली चूक काढून दाखवली, आणि सुंदर टेबलावर हात आपटून म्हणाला, “मॅडम निवडून आल्या!” त्या दिवशी ती लिफ्टनं गेली नाही. जिना उतरली, एकेक पायरी, राणीसारखी. घरी भीमसेननं मैसूरपाक आणला. दुखणं संपलं असं त्या मैसूरपाकानं जाहीर केलं.

वास त्याच्या आधीच गेला होता. किंवा त्या ठण्ण आवाजाबरोबरच गेला असेल, घरातून चोर पळावा तसा मागल्या दारानं, पुढच्या दाराशी एवढा गलका चालू असताना त्याच्याकडे बघतो कोण? पहिल्याच आठवड्यात डॉक्टरनं विचारलं होतं, “वास-बीस येतो ना?” डोकं एवढं दुखत होतं की ती “येतो, येतो” म्हणून मोकळी झाली. मग एका शुक्रवारी स्टेशनबाहेर तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला, डोक्यात माळला आणि परत फिरून फुलवालीला म्हणाली, “कां गे, शिळीं फुलें देतीस?” फुलवाली भडकली. टोपली आपटून म्हणाली, “अय्यो अम्मा, पहाटें खुडलेलीं! फुलांना नांव ठेवूं नका, आधीं आपलं नाक बघून घ्या!” आजूबाजूचे हसले. विजयलक्ष्मी तरातरा चालू लागली, आणि चालता चालता तिचे पाय कॉफी भाजणाऱ्या दुकानासमोर थांबले. त्या दुकानावरून आंधळा माणूससुद्धा रस्ता ओळखतो. बी भाजली जात होती. धूर निळा, दाट, दिसत होता. लोक थांबून छाती भरून घेत होते. ती धुरात उभी राहिली. श्वास घेतला. हवा आत गेली, गार-गरम कळली, आणि काहीच झालं नाही. जणू सगळा रस्ता काचेच्या पलीकडं होता आणि तिला तो नुसता बघायला दिला होता. पुन्हा घेतला. पुन्हा. दुकानदारानं विचारलं, “किती ग्राम, मा?” तिनं पाव किलो घेतली, नको असताना. त्या संध्याकाळी तिनं पिशवीत तोंड घालून आईची आठवण काढायचा प्रयत्न केला. आई आठवली, पदर आठवला, पदराचा वास नाही आठवला.

सांगायला हवं होतं तेव्हाच. पण मैसूरपाक खाऊन झाला होता. घरातले सगळे तिच्या दुखण्यातून नुकते उठले होते, हो, तेच उठले होते, तिच्याइतकेच दमून. आता पुन्हा त्यांना कसं म्हणायचं, अजून एक राहिलंय? आणि दुसरं कारण खोलवरचं होतं. या घरात स्वयंपाकघर नाकावर चालतं. सासूबाईंनी चाव्या दिल्या नाहीत, दागिने दिले नाहीत. त्यांनी फक्त एकदा, श्राद्धाच्या चुलीपाशी, पळी तिच्या हातात दिली आणि स्वतः मागं सरल्या. तो मान. नाक गेलं म्हटलं की पळी जाणार. कुणी हिसकावणार नाही, मायेनं काढून घेतील, आणि तेच तिला नको होतं. म्हणून तिनं नवा धंदा शिकून घेतला: दुसऱ्यांच्या नाकांवरून वास ओळखायचा. ऑफिसातल्या कुणाच्या घरी वास्तुशांत म्हणून एन्नोरला जाताना आगगाडीत बायकांनी एकदम पदर नाकाला लावले, कारखान्यांचा पट्टा आला होता. तिनंही लावला, पण क्षणभर उशिरा, आणि समोरच्या म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू टाळ्यांच्या गजरात एकटीचीच टाळी मागून वाजली. पुढं तिचा उशीर कमी होत गेला. भीमसेनच्या नाकपुड्या फुलल्या की म्हणायचं, “हो, शेजारीं तळण चालू आहे.” रोजच्या स्वयंपाकाला जीभ होती, आंबट, खारट, गोड, तिखट एवढं जीभ एकटी सांगते. एकच दिवस असा, वर्षातून एक, की जिभेलाही कुलूप.

आणि गेल्या वर्षीचा तो दिवस तिनं पदकासारखा जपला होता. डोकं अजून पुरतं बरं नव्हतं, नाक गेल्याचंही तिला तेव्हा कळलं नव्हतं. वड्यांच्या तळणाचा चर्रऽ आवाज सोसेना म्हणून कानांत कापसाचे बोळे घातले होते. नाक नाही, कान बंद, जीभ कुलपात. तरी पहाटेपासून उभी राहून तिनं सगळा स्वयंपाक एकटीनं केला. ब्राह्मण जेवायला बसले. श्राद्धाला बोलायचं नसतं, अन्नाला बरंही म्हणायचं नाही, वाईटही नाही. शेवटी भीमसेननं हात जोडून विचारलं, “तृप्ताः स्थ?” आणि त्यांतले वडीलधारे भटजी व्यासराज आचार, ज्यांनी सासूबाईंच्या हातचं तीस वर्षं खाल्लं, डोळे मिटून म्हणाले, “तृप्ताः स्मः.” त्या दोन शब्दांवर ती वर्षभर जगली होती. गच्चीवर कावळ्यानंही पिंड लगेच घेतला होता. स्वतः जेवताना खिरीचा घास किंचित कडवट लागला, पण तोंडच कडू असेल म्हणून तिनं गिळला.

आता उंबऱ्यात बसून ती एकेक चित्र पुन्हा काढू लागली, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात काही तरी निघालं. श्रीलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दाराशी आली होती, धावत. तोंड उघडं होतं. विजयलक्ष्मीनं वळून तिच्याकडे हसून पाहिलं होतं, आणि नणंदेचं उघडं तोंड हळूच मिटलं होतं. नंतर सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. कीर्तना मोरीत बराच वेळ होती. आणि मग हे वर्षभरचं: कीर्तना हल्ली सारखी स्वयंपाकघरात डोकावते, पाणी प्यायचं निमित्त, फोन विसरल्याचं निमित्त. गॅसची शेगडी बंद आहे का ते जाता जाता बघते. नासलेल्या दुधाच्या पिशव्या न बोलता कचऱ्यात जातात. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर ठाऊक आहे. तिनं त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी तिच्यापासून; दोन्हीकडून पडदा धरून सगळं घर उभं. आणि व्यासराज आचार! करपलेल्या खिरीवर म्हातारा डोळे मिटून तृप्त झाला. तो कावळासुद्धा, मेला, रीत पाळून गेला. कानशिलं तापली तिची. एवढी माया आणि तिची एवढी आग व्हावी? पण झाली. पदक हातात घेऊन बघावं तर ते पत्र्याचं, आणि सगळ्या गावाला ते पत्र्याचं असल्याचं माहीत.

“अम्मा?” कीर्तना लॅपटॉप मिटून जवळ आली होती. “खालीं काय बसलीस? चक्कर आली?”

“नाहीं.” विजयलक्ष्मीनं उरळी उचलली. “तुझ्या अत्तैला फोन लाव. सैपाकीण मामी नको म्हणावं.”

“अम्मा, प्लीज...”

“नको म्हणावं. सैपाक मीच करणार. खीरही.”

संध्याकाळभर ती उद्याची तयारी करत राहिली. भीमसेन दोनदा खोकला, दोनदा काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि पेपरात घातलं. तिच्या मनात येत होतं, हट्ट आहे का हा? पुन्हा करपली तर? सासूबाईंच्या तिथीला दोन वर्षं ओळीनं करपलेली खीर. आणि या वेळी अजाणतेपणाचा आडोसाही नाही. नाक नाही हे खरं. मग काय आहे? तिनं हिशेब लावायचा प्रयत्न केला तेव्हा दूध तापत होतं, सकाळच्या विरजणाला ठेवलेलं, आणि तिचा हात उठून गॅस बारीक करून परत आला. तिनं भांड्याकडे पाहिलंही नव्हतं. दूध काठाशी येऊन थबकलं होतं.

ती तशीच उभी राहिली. हात कसा उठला? कुणी सांगितलं? मग उमगलं. कानांनी. ज्या कानांनी तिला महिनोन् महिने सोलून काढलं, ज्यांच्यात तिनं कापूस कोंबला, ते बरे होताना पहिल्यासारखे झालेच नव्हते; दुखणं गेलं, धार राहिली. दूध उतू जायच्या आधी कुजबुज बारीक होत होत काठाशी एक श्वास धरतं, हे ती कित्येक दिवस ऐकत आली होती. तूप कढताना तडतड थांबते ती जागा. डोसा तव्यावरून सुटतो तेव्हाची चुर्र. हे ती कुणाकडून शिकली नव्हती. घरात उंदीर वावरतो तसं ते ज्ञान घरात वावरत होतं आणि तिनं दिवा लावला नव्हता. आणि एकदम तिला सासूबाई आठवल्या, त्यांचा तो एक पट्टी वरचा आवाज. शेवटच्या काही वर्षांत त्या ठार बहिऱ्या होत्या. कधी कबूल केलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायच्या, हसणाऱ्यांबरोबर हसायच्या, क्षणभर उशिरा. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे जरा मोठ्यानं बोलायचे, एवढंच. विजयलक्ष्मीला अंधाऱ्या स्वयंपाकघरात हसू फुटलं. “आत्याबाई,” ती पुटपुटली, “तुमच्यापाशीं कान नव्हते, मजपाशीं नाक नाहीं. चूल मात्र पेटतीच राहिली.”

सकाळी ओलेत्या लुगड्यात ती चुलीपाशी उभी राहिली. गॅसचीच शेगडी, पण तिला आपली चूल म्हणायची सवय. पुढच्या खोलीत व्यासराज आचारांचे मंत्र सुरू झाले होते. श्रीलक्ष्मी भल्या पहाटे जॉर्ज टाउनहून आली होती. सोवळ्यात नसल्यामुळं तिला आत येता येत नव्हतं, तेव्हा ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या मागं कीर्तना. दोघींच्या नाकपुड्या सशासारख्या हलत होत्या. विजयलक्ष्मीनं ते पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. आज कुणाच्या नाकाकडे बघायचं नाही. उसनं नाही.

मिरी-जिऱ्याचं सार झालं. जिरं तुपात पडलं तेव्हा पावसाच्या पहिल्या चार थेंबांसारखं वाजलं, मग आवाज दाटला, मग कोरडा झाला, आणि कोरडा होताच तिनं ते ओतलं. कारली, कच्ची केळी, वडे. वडा तेलात शिरताना ओरडतो, आतून शिजत आला की तक्रार कमी करतो, आणि शेवटी म्हाताऱ्यासारखा नुसता पुटपुटतो, तेव्हा काढायचा. मीठ हातानं, हाताला वजन ठाऊक होतं. आणि मग उरळी. दूध, भिजवून निथळलेले तांदूळ, आच मध्यम. तिनं पळी घेतली आणि डोळे मिटले.

आधी नुसती कुजबुज, बायका देवळात बोलतात तशी. मग तांदूळ जागे झाले आणि काशाच्या बुडावरून फिरू लागले. मरिनाच्या वाळूवरून लाट परत जाताना मागं जी बारीक सर्रसर्र राहते तसा तो आवाज होता, आणि पळीच्या दांड्यातून तो मनगटापर्यंत येत होता. लाट येत होती, जात होती. दूध आटू लागलं तसा आवाज खाली उतरला, जड झाला, लपक, लपक. दाराशी श्रीलक्ष्मीचा धीर सुटला. “वैनी, बघा हं... लागेल.”

“उभी राहा, लक्ष्मी.” डोळे न उघडता ती म्हणाली.

“नाहीं, म्हणजे, दाट झालीसें दिसतें...”

“दिसूं दे.”

लपक, लपक. वरचे बुडबुडे मजेत होते, अजून कितीही वेळ गात राहिले असते. आणि त्यांच्या खाली, अगदी तळाशी, जिथं लाट परतत होती तिथं, ती परतली नाही. एवढंच. वरचं गाणं चालू आणि तळ गप्प. कुणी बोलता बोलता एकदम मान खाली घालावी तसा तळ गप्प झाला, आणि विजयलक्ष्मीच्या हातानं गॅस बंद केला, उरळी उचलली, लाकडी पाटावर ठेवली, आणि पळी बुडाशी फिरवली. गुळगुळीत. कुठं अडकली नाही. त्या पांढऱ्या खरखरीत डागावरूनही सरकन गेली. मग तिनं गूळ घातला. दाराकडे तिनं पाहिलं नाही, पण तिथं दोघी जणींनी एकदम सोडलेला श्वास तिला ऐकू आला. आज सगळंच ऐकू येत होतं.

ब्राह्मण जेवले. पानांवरून हात फिरत होते, द्रोण रिकामे होत होते, कुणी काही बोललं नाही. भीमसेननं हात जोडून विचारलं, “तृप्ताः स्थ?” व्यासराज आचारांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “तृप्ताः स्मः.” तेच शब्द, तोच सूर, गेल्या वर्षीचाच. आत उभी असलेली विजयलक्ष्मी ते ऐकून हसली. या उत्तरासाठी ती वर्षभर उपाशी राहिली होती, आणि आज ते ताटात आलं तेव्हा भूकच नव्हती.

मग घरचे बसले. भीमसेन, श्रीलक्ष्मी, कीर्तना, आणि शेवटचं पान तिचं. केळीच्या पानावर खीर वाढली, पानभर पसरू नये म्हणून भाताचं आळं करून. श्रीलक्ष्मीनं पहिला घास घेतला. तिचा हात पानावर थांबला, मग पुन्हा खिरीकडे गेला, आणि पुन्हा. भीमसेन मान खाली घालून जेवत होता, पण त्याचे कान लाल झाले होते, ते त्याचे नेहमीच अशा वेळी होतात, लग्नातही झाले होते. कीर्तनानं बोट चाटलं.

“वैनी,” श्रीलक्ष्मी म्हणाली. “खीर...” आणि ती थबकली. आज बोलायचं नाही. बरं नाही, वाईट नाही. तिनं भावाकडे पाहिलं, भावानं पानाकडे.

“अत्तै, चुम्मा जेव,” कीर्तना पुटपुटली.

विजयलक्ष्मीनं हात धुतला नव्हता. खिरीचा हात तसाच पानाच्या कडेला टेकवून ती ताठ बसली. तिनं तिघांकडे पाहिलं, त्यांच्या नाकांकडे नव्हे, डोळ्यांकडे. वर्षभर तिच्यासाठी तो पडदा धरून ठेवणारे हात किती दमले असतील, हे तिला पहिल्यांदाच दिसलं, आणि तरीही मान काही खाली गेली नाही. आवाज निघाला तो एक पट्टी वरचा निघाला, अंगणातला, चार घरांना ऐकू जाईल असा.

“मज वास येत नाहीं,” ती म्हणाली. “बसमध्यें डोकें आपटलें, त्या दिवसापासून. कॉफी नाहीं, मोगरा नाहीं, कांहीं नाहीं. मीं सांगितलें नाहीं, कारण तुम्हीं पळी काढून घेतली असती. गेल्या वर्षीं खीर करपली, तुम्हीं तिघांनीं गिळली, आचारांनीं गिळली, मज कोणीं सांगितलें नाहीं.”

भीमसेननं मान वर केली. “विजी, आम्हांस वाटलें...”

“थांबा. माझं संपलें नाहीं.” तिनं पानावरची खीर बोटांनी एकत्र केली, घास केला, आणि तोंडाशी नेता नेता म्हणाली, “यंदाची करपली नाहीं. कोणीं सांगायला नको. मज ऐकूं आलें.”